एक एंटर वाढलाय

मोबाईलवर एखाद्या ॲपचं नवं व्हर्जन आलं की त्याच्याखाली बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: काही बग दुरुस्त केले आहेत आणि ॲपची कामगिरी सुधारली आहे. कुठले बग, ते कुणाला छळत होते, कामगिरी सुधारली म्हणजे नेमकं काय झालं, याचा पत्ता नाही. महिनोन् महिने तेच वाक्य. गूगल प्ले स्टोअरवर ‘नवीन काय आहे’ या मथळ्याखाली कंपनीला ५०० अक्षरांची जागा मिळते. ती काही थोडी नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी पोस्टकार्डाच्या एका बाजूवर लग्न ठरल्याचं, म्हैस व्याल्याचं, पाऊस लांबल्याचं आणि वर सगळ्यांना नमस्कार सांगितल्याचं बसवलं. इथे तर एवढंच कळवायचं असतं, की तुमच्या रोजच्या वापरातल्या वस्तूला आम्ही हात लावला, तो कुठे आणि का. तेवढंही न कळवता जुनं वाक्य पुन्हा चिकटवलेलं दिसलं की मला राग येतो. माझी रोजीरोटी याच कामावर चालते, म्हणून जरा जास्तच येतो.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी हे लिहिण्याचं काम करते. दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. नवं व्हर्जन बाहेर पडायच्या आधी त्यात काय आलं, काय गेलं आणि काय जागचं हललं हे मराठीत लिहायचं. ते पोचलं की उलट जे येईल, म्हणजे फोन, व्हॉइस नोट, स्क्रीनचे तिरके काढलेले फोटो, ते सगळं वाचायचं, ऐकायचं आणि डेव्हलपर मंडळींसमोर ठेवायचं. पहिल्याला रिलीज नोट्स म्हणतात आणि दुसऱ्याला फीडबॅक. बहुतेक कंपन्यांत ही दोन कामं दोन वेगळ्या टेबलांवर असतात. माझ्या लेखी ते एकच काम आहे. आपण धड सांगितलं तरच समोरचा धड सांगतो, आणि त्याने सांगितलेल्याचं पुढे काय झालं हे कळवलं तरच तो पुन्हा तोंड उघडतो. या एका गोष्टीपायी मी हे सगळं लिहितेय.

ही गोष्ट मी शिकले ती एका किराणा दुकानदाराकडून. तेव्हा मी सपोर्टच्या फोनवर होते, नोंदी लिहायचं काम अजून माझ्याकडे आलं नव्हतं. दिवाळी तोंडावर होती. नवं व्हर्जन नुकतंच गेलं होतं. कराडकडून फोन आला. मागे गिऱ्हाइकांचा गलका, तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज.

“ताई, एक एंटर वाढलाय.”

मला काही उमगेना. मी नेहमीचे प्रश्न विचारायला लागले: स्क्रीनवर काय दिसतंय, काही मेसेज येतोय का. तो म्हणाला, “अहो, स्क्रीन बघतंय कोण! मी गिऱ्हाइकाकडं बघतो. बिल माझी बोटं करतात. कोड टाकला, एंटर. नग टाकले, एंटर. झालं की एफ टेन, बिल बाहेर. आता मधेच मोबाईल नंबर विचारतंय. तिथं एंटर मारल्याशिवाय पुढं सरकत नाही. माझी बोटं गेली एफ टेनवर, आणि बिल काही येईना. माणसं ताटकळलीत.” आणि मग, आवाज न चढवता, “आधी सांगायचं तरी होतं.”

सांगितलं होतं, कागदोपत्री. त्या व्हर्जनच्या नोंदीत पहिलीच ओळ होती: ग्राहकाचा मोबाईल क्रमांक नोंदवण्याची नवी सुविधा. ओळीत खोटं काही नव्हतं. औषधांच्या दुकानदारांनी ती सोय मागून घेतली होती आणि त्यांना ती उपयोगीही पडली. पण आम्ही काय दिलं तेवढंच त्या ओळीत होतं. त्यापायी वापरणाऱ्याकडून काय घेतलं, ते नव्हतं. दर बिलामागे एक एंटर घेतला होता. सणाच्या संध्याकाळी बिलामागून बिल करणाऱ्या माणसाच्या हातातली लय घेतली होती. ती कमवायला त्याला बरीच वर्षं लागली असणार.

मी त्याचं वाक्य जसंच्या तसं डेव्हलपरपुढे ठेवलं. एका एंटरने काय होतं, असं तो म्हणाला. त्याचंही खरं होतं, कारण तो एका वेळी एकच बिल तपासायचा. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे बघत, माझ्याशी बोलत, स्क्रीनकडे न बघता लागोपाठ बिलं कर. तिसऱ्या-चौथ्या बिलाला त्याची बोटं नको तिथे पडली आणि तोच म्हणाला, हे बदलायला पाहिजे. पुढच्या व्हर्जनमध्ये तो रकाना सेटिंगमधून बंद करायची सोय झाली. तोवर नोंदी लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी लिहिलं: बिल छापण्याआधी मोबाईल नंबर विचारणं आता बंद करता येतं. गर्दीच्या वेळी एक एंटर वाढतो, अशी तक्रार दुकानदारांकडून आली होती. ती रास्त होती. मग कराडला फोन करून त्यालाही सांगितलं. “बरं झालं कळवलंत,” एवढंच तो म्हणाला. पण तेव्हापासून तो आपणहून फोन करतो. पावकिलोच्या हिशेबात पैसे कुठे गोल होतात, वडिलांना मोतीबिंदूमुळे कुठला आकडा दिसत नाही, उधारीच्या यादीत एकाच नावाची दोन माणसं असली की काय घोटाळा होतो, हे सगळं त्याने सांगितलं. आमच्या कुठल्याही फीडबॅक फॉर्ममध्ये यातलं काही आलं नसतं.

मोठ्यांचंही वेगळं नसतं. २०१२ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणलं आणि १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात बसलेलं स्टार्ट बटण काढून टाकलं. सरकारी कचेरीतल्या टंकलेखकापासून सायबर कॅफेतल्या पोरापर्यंत सगळ्यांचा हात माऊस घेऊन आपोआप त्या कोपऱ्यात जायचा. चाचणीची व्हर्जन्स आधीच लोकांच्या हाती दिली होती, कुरबुर तेव्हाच सुरू झाली होती, तरी व्हर्जन तसंच बाहेर पडलं. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आलं, आणि पूर्वीसारखा मेनू यायला २०१५ चा जुलै, म्हणजे विंडोज १० उजाडावं लागलं. दहाच्या वेळी मात्र कंपनीने आधीपासून लोकांना सामील करून घेतलं. ज्यांना हौस होती त्यांना अर्धवट व्हर्जन वापरायला दिलं आणि त्याच्यातच तक्रार नोंदवायची सोय केली. लोक बदलाला नाखूश असतात, असं आमच्या धंद्यात सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. याच लोकांनी कॅसेट सोडून सीडी घेतली, सीडी सोडून मोबाईलवर गाणी घेतली, रोकड सोडून क्यूआर कोड घेतला. त्यांची नाखुशी असते ती न विचारता, न सांगता केलेल्या बदलाला.

न सांगण्याचा सगळ्यात मोठा धडा ॲपलच्या वाट्याला आला. २०१७ च्या जानेवारीत आलेल्या एका अपडेटने बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग गरज पडेल तसा कमी करायला सुरुवात केली. कारण तसं रास्त होतं: थकलेल्या बॅटरीला ताण सोसला नाही की फोन एकाएकी बंद पडायचा, तो पडू नये म्हणून. पण फोनवाल्याला हे कुणी धड समजावून सांगितलं नाही. त्याला फक्त आपला फोन मंदावलेला दिसला, आणि नवा घ्यायला लावण्यासाठीच हे केलं असा त्याने अर्थ लावला. डिसेंबरात प्रकरण उघड झालं. कंपनीने जाहीर माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि पुढच्या वर्षी बॅटरीची तब्येत दाखवणारं पान फोनमध्येच दिलं. तेच पान आणि सोबत चार ओळी पहिल्याच दिवशी दिल्या असत्या, तर लोकांनी समजून घेतलं असतं. बॅटरी म्हातारी होते हे कुणाला माहीत नाही?

दुसरी तऱ्हा, सांगायचं पण उत्तराला जागाच ठेवायची नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने धोरण बदलल्याची सूचना पडदाभर दाखवली आणि ८ फेब्रुवारीच्या आत मान्य करा म्हणून सांगितलं. घराघरांतल्या ग्रुपवर तेव्हा काय हलकल्लोळ झाला ते आठवत असेल. कुणी सिग्नल घेतलं, कुणी टेलिग्राम, कुणी नुसतेच घाबरे मेसेज पुढे ढकलले. शेवटी मुदत १५ मेपर्यंत लांबवावी लागली आणि नेमकं काय बदलतंय हे वेगळं समजावून सांगावं लागलं.

आता ज्यांनी हे काम मनापासून केलं त्यांच्याकडे वळते. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना उद्देशून एक छोटा मजकूर लिहिला. आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही, आणि तुम्हाला मिनिक्समधलं काय आवडतं, काय खटकतं ते सांगा, असा त्याचा आशय. सूचनांचं स्वागत आहे, पण त्या अमलात येतीलच असं वचन देत नाही, हेही त्याने तिथेच सांगून टाकलं. त्यातून लिनक्स उभं राहिलं, आणि आज बहुतेकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच आहे. मला त्या मजकुरातली शेवटची कबुली फार मोलाची वाटते. जे करू ते करू, सगळं करू असं नाही. एवढं स्पष्ट बोलणाऱ्याला लोक मोकळेपणाने लिहितात.

आणि डोनाल्ड कनूथ. या माणसाबद्दल लिहायला मला कितीही जागा पुरणार नाही. स्टॅनफर्डमधले हे प्राध्यापक. आपल्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून १९७८ च्या सुमारास त्यांनी टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतलं. गणिताचे प्रबंध आजही त्याच्याच जोरावर लिहिले जातात. कनूथनी अगदी सुरुवातीपासून आपल्या प्रत्येक चुकीची वही ठेवली. कधी सापडली, कशी होती, कुठल्या जातीची होती, सगळं. १९८९ मध्ये त्यांनी त्या चुकांवर एक रीतसर शोधनिबंधच छापला. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवून देणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे. २५६ हा संगणकवाल्यांचा लाडका आकडा, दोनाचा आठवा घात. टेकमधल्या बगसाठी बक्षीस त्याच रकमेपासून सुरू झालं, दरवर्षी दुप्पट होत गेलं आणि ३२७ डॉलर ६८ सेंटवर थांबवलं गेलं. कितीतरी जणांनी तो चेक वटवलाच नाही, चौकटीत बसवून भिंतीवर लावला. पुढे २००८ मध्ये चेकवरच्या खात्याच्या तपशिलांचा गैरवापर व्हायला लागल्यावर त्यांनी चेकऐवजी प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. लोक त्यासाठीही तितक्याच आटापिट्याने चुका शोधतात.

टेकच्या व्हर्जनचा आकडा प्रत्येक दुरुस्तीबरोबर गणितातल्या पाय (π) या संख्येच्या एक घर जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्यानंतर तो थेट पाय करावा आणि मग कुणी हात लावू नये, असं त्यांनी सांगून ठेवलंय. आलेल्या तक्रारी ते काही वर्षांनी एकगठ्ठा बघतात: २०१४ मध्ये बघितल्या, २०२१ मध्ये बघितल्या, पुढची पाळी २०२९ ची, आणि हे त्यांनी आधीच जाहीर केलंय. थांबायला सांगणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे, हे मी या माणसाकडून घेतलं. किती थांबायचं ते कळलं की माणूस थांबतो. आमच्या धंद्यात सहसा तक्रार टाकली की आपोआप उत्तर जातं, आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणून. त्यानंतर वर्षभर शांतता. त्यापेक्षा ‘हे या वर्षी जमणार नाही’ असा एका ओळीचा नकार बरा. मी तसे नकार लिहिते, आणि त्यांना येणारी उत्तरं क्वचितच कडू असतात.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर ई-पीक पाहणीचं देते. पूर्वी शिवारात काय पेरलंय ते तलाठी नोंदवायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून, पिकाचा फोटो काढून ॲपवर नोंद करायची पद्धत आली. ती नोंद सातबाऱ्यावर चढते, आणि पीक कर्ज, विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी हे सगळं तिला बांधलेलं असतं. म्हणजे हे ॲप वापरणारा हौसेने वापरत नाही. वर्षभरानंतर, १ ऑगस्ट २०२२ ला दुसरं व्हर्जन आलं आणि त्यात काय काय बदललंय याची यादी वर्तमानपत्रांतून छापून आली. ती वाचताना मला फार बरं वाटलं होतं. चुकलेली नोंद शेतकऱ्याला ४८ तासांच्या आत स्वतःच दुरुस्त करता येईल. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं नोंदवता येतील. फोटो काढताना तुम्ही निवडलेल्या गटापासून लांब उभे असाल तर ॲप तसं सांगेल. मदतीचं बटण असेल. आणि ॲपबद्दल अभिप्राय नोंदवायची सोय असेल.

मराठवाड्यात कुणी सोयाबीनच्या रानात उभं राहिलं असेल त्याला त्या दुय्यम पिकांचं महत्त्व सांगायला नको. मधूनमधून तुरीचे तास असतात, कडेला उडीद-मूग असतो. एकच पीक विचारणाऱ्या पडद्यापुढे शेतकरी खोटं लिहितो किंवा लिहिणं सोडून देतो. त्या ४८ तासांचंही तसंच. चुकून दुसरा गट निवडला गेला तर कचेरीत खेटे घालायचे, की घरबसल्या दुसऱ्या दिवशी सुधारायचं, एवढा फरक त्यात आहे. या सुधारणा एअर कंडिशन्ड खोलीत बसून सुचणाऱ्या नाहीत. शिवारातून कुणीतरी सांगितलं असणार आणि कुणीतरी ते ऐकून घेतलं असणार. सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. रेंज नसलेली गावं, ऐन शेवटच्या दिवसांत दमणारा सर्व्हर, पुन्हापुन्हा मिळणारी मुदतवाढ हेही शेतकऱ्यांनी सोसलंय, आजही सोसतात. म्हणूनच त्या यादीतली अभिप्रायाची ओळ सगळ्यात जास्त निभवायला हवी.

कारण ज्याचं ॲपच उघडत नाही, तो अभिप्रायाचे तारे कुठून देणार? तो चावडीवर जातो, सेतू केंद्रात जातो, नाहीतर गावातल्या शिकलेल्या पोराला गाठतो. तक्रार तिथे बोलली जाते आणि तिथेच विरते. आमच्याकडेही हेच. फॉर्म भरणारे बहुधा शहरातले, इंग्रजीत सराईत. बाकीचे लोक माल टाकायला आलेल्या सेल्समनला सांगतात, सीएच्या ऑफिसातल्या मुलीला सांगतात. पाच तारे देऊन खाली ‘लॉगिन होत नाही, कृपया नंबर द्या’ असं लिहिणारे मी रोज बघते. त्यांना तारे म्हणजे नमस्कार वाटतो, तक्रार करण्याआधीचा. सरासरी काढणाऱ्या तक्त्यात तो माणूस खूश म्हणून मोजला जातो. मी म्हणून सरासरी बघतच नाही, मजकूर वाचते.

काही तक्रारी करणाऱ्याला स्वतःलाच क्षुल्लक वाटतात. मराठी वळणाचा ल आणि श दिसत नाही, हिंदी वळणाचे येतात, अशी तक्रार आमच्याकडेही आली. ज्याने केली त्याने आधी माफी मागितली, की फार छोटी गोष्ट आहे. ती छोटी नाही. दुकानावरची पाटी एका वळणाची आणि बिल दुसऱ्या वळणाचं, हे माणसाला खुपतं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली, ५.१ या व्हर्जनमध्ये, तेही मराठीच्या गरजेसाठी. त्याआधी अ वर चंद्र ओढूनताणून बसवायचा, किंवा हिंदीतलं ऍ चालवून घ्यायचं. आज लाखो मराठी माणसं ते अक्षर फोनवर सहज उमटवतात, कारण कुणाला तरी ते नसणं खटकलं आणि त्या माणसांनी ते योग्य ठिकाणी पोचवलं.

सांगण्याइतकंच महत्त्वाचं आहे हळूहळू पोचवणं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर एकदम गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. पुढे कंपनीने अशी अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं. आधी थोड्यांना द्यायचं, त्यांचं ऐकायचं, मग बाकीच्यांना. आमच्या छोट्या कंपनीत आता दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत नवं व्हर्जन जातच नाही, आणि इतर वेळीही आधी मोजक्या दुकानांना जातं. त्यांत कराडचं दुकान आहे.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखं काम करणारे कुणी असतील तर त्यांना एवढंच सांगते: त्या ५०० अक्षरांत काय दिलं त्याच्याबरोबर काय घेतलं तेही लिहा, आणि ज्याच्या सांगण्यावरून बदल केला त्याला आवर्जून कळवा. आणि बाकीच्या सगळ्यांना विनंती, की काही अडलं, खटकलं तर ॲप काढून टाकण्याआधी एकदा लिहा. फोन कुठला, व्हर्जन कुठलं, तुम्ही काय करत होतात, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, बस्स. नुसतं ‘चालत नाही’ असं लिहिलं तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आणि मराठीत लिहा. मराठी वाचणारं कुणी त्या कंपनीत नसेल, तर तसं माणूस नेमायला हवं हे त्यांना तुमच्या मजकुरावरूनच कळेल.